ताटात राहिलेला तुकडा

झनकलालभाऊ, तुमची स्मरणसभा शेवटी शुक्रवारी झाली. हसू नका. शनिवार पाळणारे म्हणाले शनिवारी ठेवा, आम्ही रविवारवाले म्हणालो रविवारी, आणि दोन्हीकडची माणसं तुमच्याच छपरीत, तुमच्याच बाजेवर बसून, तुमच्याच फोटोसमोर भांडली. मग अनसूयावहिनी आतून आल्या, हाताला कणीक लागलेली, आणि म्हणाल्या, "शुक्रवारी ठेवा. तो कोनाचाच नाई." तेच ठरलं. घरी येताना माझ्या डोक्यात आलं, शुक्रवार तर आपल्या प्रभूच्या मरणाचा वार, तो कोणाचाच नाही कसा? पण परत जाऊन वहिनींना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. नवीन भांडण सुरू झालं असतं.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. लोक म्हणतात, मास्तरीणबाई, तुम्ही लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या, भाऊंवर काहीतरी लिहा. काय लिहू? तुमचा जन्म, तुमची शेती, तुमच्या छपरीतून प्रार्थना किती घरांत गेली, हे सगळं सभेत वाचून झालं. मला ते लिहायचंच नाही. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे आणि तुम्ही नेमके त्याच्या आधी उठून गेलात. आमच्याकडे तुम्ही शेवटचे जेवलात, त्या दिवशी ताटात माशाचा तुकडा काऊन ठेवला?

दुसऱ्या कोणी हे वाचलं तर म्हणेल, बाईचं डोकं फिरलं. माणूस गेला आणि ही तुकडा धरून बसली. म्हणू देत. त्या तुकड्यात माझं काय अडकलं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझे होऊन गेलात की परके होऊन गेलात, हे मला त्या तुकड्यावरून ठरवायचं आहे आणि ते ठरत नाही.

तुम्ही पोवार. गावातली चांगली धानाची जमीन तुमच्या भाऊबंदांची. मी ढिवराची सून. आमच्या घरचे तलावात जाळं टाकतात, मी शाळेत शिकवते. आपल्या गावचा कायदा कोणी कागदावर लिहिला नव्हता, तरी लहान पोट्ट्यांनाही तोंडपाठ होता. ढिवराच्या हातचं पाणी चालतं. लाह्या चालतात, मुरमुरे चालतात. भात चालत नाही. तुमच्या घरच्या लग्नांत आमच्या सासूबाईंनी घागरींवर घागरी पाणी भरलं, आणि त्याच हातांनी शिजवलेला भात तुमच्या माणसांच्या तोंडाला कधी लागला नाही. पाण्यानं माणूस बाटत नाही आणि तेच पाणी तांदळात घालून उकळलं की बाटतो, हे गणित मला कोणी शिकवू शकलं नाही. शिकवायला कोणी बसलंही नाही म्हणा, सगळे पाळत होते.

नव्याण्णव सालची ती दुपार आठवते ना? धानाची कापणी चालू होती. आमच्या यांचा पाय मोडला होता, म्हणून प्रार्थना तुमच्या छपरीत न ठेवता पहिल्यांदाच आमच्या घरी ठेवली. आपण पाच-सहा घरांची माणसं. 'आमेन' झालं, मी डोळे उघडले, तर तुम्ही चुलीकडे पाहत होता.

"बाई, चुलीवर काय हाये?"

"मांगूर हाये, भाऊ. अन् भात."

मी सांगितलं खरं, पण मनात म्हटलं, आता उठतील, दुपट्टा खांद्यावर टाकतील, लोटाभर पाणी पितील आणि निघतील. तुम्ही भिंतीपासून सरकून पुढे आलात आणि मांडी घातलीत.

"मंग वाढ ना. कायले पाहून राहिली?"

माशाचा सगळ्यात मोठा तुकडा तुमच्या ताटात टाकला. तुम्ही तो मधोमध मोडलात आणि अर्धा आमच्या यांच्या ताटात ठेवलात. यांनी जेवायला सुरुवात केली होती, म्हणजे उष्टं ताट. त्या ताटाला तुमची बोटं लागली आणि तीच बोटं तुम्ही आपल्या भातात घातलीत. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि मागच्या वाडीत निघून गेल्या. रडायला गेल्या की हसायला, मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एकच विषय, झनकलाल ढिवराच्या घरी भात जेवला. तुमच्या चुलतभावानं तुम्हाला लग्नकार्याला बोलावणं सोडलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. त्याच्या घरच्या भाजीत तसंबी मीठ नसते."

त्याच दिवशी हात धुता धुता तुम्ही मला कृपेचा अर्थ सांगितला होता. "कृपा म्हंजे आयतं ताट, बाई. रांधलं दुसऱ्यानं, वाढलं दुसऱ्यानं. आपुन फक्त बसाचं." मला आधी वाटलं, माझ्या स्वयंपाकाची तारीफ करता करता प्रवचन उरकलं यांनी. पण ते मनात बसलं ते बसलंच. माझ्या माहेरी देवाशी सगळा व्यवहार नवसाचा. कोंबडं दे, मग लेकरू घे. फुकट कोणी काही देतो, आणि तेही देव, हे आमच्या घराण्यात कोणाला माहीतच नव्हतं. मी किती दिवस घाबरत होते, की आज ना उद्या वरून मागणी येईल.

त्यानंतर सात-आठ वर्षं तुम्ही आमच्या दाराशी 'जय मसीह' म्हणायच्या आधी विचारायचात, "बाई, चुलीवर काय हाये?" कधी मांगूर, कधी शिंगी, कधी नुसती लाखोरीची डाळ. तुम्ही काहीही खायचात आणि गाणं एवढं बेसूर म्हणायचात की आमचे हे म्हणायचे, तलावातले मासे तळाशी जाऊन बसले असतील. भाऊ, ते दिवस मी कोणाला कसे समजावू? माझ्या चुलीसमोर एक पोवार माणूस मांडी घालून बसतो, एवढ्यावर मला रोज तारण झाल्यासारखं वाटायचं.

मग ते भाईसाहब आले. छत्तीसगडच्या बाजूनं रेल्वेनं आले, हिंदीतून बोलायचे, आवाज मधासारखा. वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण आहे. वाईट असते तर मी झाडू घेऊन मागे लागले असते. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, म्हाताऱ्यांचे पाय चेपायचे. आणि मग शास्त्र उघडून हळूच सांगायचे, की उद्धार कृपेनं होतो हे बरोबर, पण टिकतो तो जुन्या करारातले नियम, म्हणजे व्यवस्था, पाळल्यानं. शनिवार पाळा. अशुद्ध खाऊ नका. "बहनजी, जिस मछली को छिलका नहीं, वो परमेश्वर की नज़र में अशुद्ध है।" म्हणजे रोहू चालेल, मरळ चालेल, कारण त्यांना खवले आहेत. मांगूर नाही, शिंगी नाही. खेकडे आणि झिंगे तर नावही काढायचं नाही. आमचे हे मागे बसून ऐकत होते. म्हणाले, "हे मले समजलं भाईसाहब, पन जाळ्याले कोन समजावन?" तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं हसलात. मला वाटलं, चला, भाऊ हसले, आता भीती नाही.

पण तुम्हाला साखरेचा आजार निघाला, मग किडनीचं दुखणं. गोंदियाच्या फेऱ्या सुरू झाल्या. आणि भाईसाहब एक दिवस वहिनींना सांगून गेले, की इतकी वर्षं जे अशुद्ध पोटात गेलं, तेच आता बाहेर निघतं आहे. झालं. वहिनींच्या डोळ्यांची झोप गेली. घरात पोवारीत बोलणाऱ्या त्या बाईला भाईसाहबांची हिंदी अर्धी कळायची, पण भीती पूर्ण कळली.

पहिल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "मासा नको, बाई. पथ्य हाये." मी म्हटलं बरं. पुढच्या खेपेला म्हटलं, रोहू आणला आहे, खवले तुमच्या डोळ्यांसमोर काढते. तुम्ही जमिनीकडे पाहत म्हणालात, "भांडं तेच ना, बाई." मी म्हटलं नवं भांडं आणते. तुम्ही चुलीकडे पाहिलंत फक्त. आधी मासा गेला, मग भांडं गेलं, मग घर गेलं. तुम्ही येत राहिलात, खोटं कशाला बोलू. पण अंगणातल्या बाजेवर बसायचात आणि म्हणायचात, "पानी दे, बाई."

मी लोटा भरून द्यायची. तुम्ही वरून धार धरून प्यायचात. पहिल्याच दिवशी रिकामा लोटा हातात घेऊन मी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी चालतं, भात चालत नाही! भाऊ, आपण फिरून फिरून तिथंच आलो होतो. फरक एवढाच, की आधी कोणीतरी जात म्हणायचं, आता सगळे शास्त्र म्हणत होते. मी तोंडावर विचारलं तुम्हाला. "हे शास्त्र बोलून राहिलं का तुमचं पोवारपन?" माझ्या तोंडाला तशीही चाळणी नाही. मला वाटलं तुम्ही चिडाल, चिडायला हवे होतात. तुम्ही दुपट्ट्यानं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "मलेच समजत नाई, बाई."

त्या उत्तरानं माझी पंचाईत झाली. भांडायला समोर कोणीतरी हवं ना! मग मी शनिवारी मांगूर तळायला लागले. तुमच्या छपरीत त्यांची शब्बाथाची प्रार्थना आणि वाऱ्यावर आमच्या तेलाचा वास. तळली. मला त्याचं आजही काही वाटत नाही. तुम्ही एका रविवारी म्हणालात, "बाई, तुझ्या स्वातंत्र्याचा लई धूर होऊन राहिला." आमचे हे इतके हसले की मला त्यांच्यावर पळी उगारावी लागली. पण तुमचं ते वाक्य मला रुतून बसलं, तुम्हाला सांगितलं नाही तरी.

आणि ते आपलं मोठं भांडण. तुमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून. रोवण्यासाठी पऱ्ह्यांची रोपं उपटून पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या, बाया पलीकडे गाणी म्हणत होत्या. मी शाळेतून येत होते, थांबले. म्हटलं, पेत्रानं हेच केलं होतं, भाऊ. आधी परजातीच्या लोकांबरोबर मजेत जेवत होता, मग यरुशलेमेकडची माणसं आली आणि हा ताटावरून उठला. पौलानं त्याला चारचौघांत झापलं. तुम्ही म्हणालात, "अन् त्याच पौलानं म्हटलं ना, माझ्या खान्यानं भावाले ठेच लागत असन, तं मी मटनच खानार नाई." मग आवाज उतरला तुमचा. "तुझी वहिनी रोज रडते, बाई. मी मांगूर खाल्ली तं मी मरन, असं तिले वाटते. तिच्या डोळ्यातलं पानी पाहून मी घास गिळू?"

"अन् माझ्या डोळ्यातलं?" मी म्हटलं.

तुम्ही खाली पडलेली एक पेंढी उचलून कडेला ठेवलीत. मग उगाच म्हणालात, "ताट आयतंच हाये, कबूल. पन हात धुवून बसावं का नाई मानसानं?" मी म्हटलं, "हात धुवा, हात धुवा करता करता तुमी लोकं मानसं ताटावरून उठवून राहिले." पलीकडच्या बायांची गाणी थांबली, एवढी मी ओरडले. तुम्ही हात जोडलेत. "रोवना होऊ दे. मंग बसू. सांगतो तुले."

भाऊ, मी त्या 'सांगतो'वर किती दिवस काढले! कारण मला खरंच कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. बायकोच्या भीतीपायी माणसानं एक मासा सोडला, तर ती कृपा की गुलामी? वहिनी दुबळी म्हणून तुम्ही तिला सांभाळलंत, हे मला पटतं. पण तिला सांभाळायला तुम्ही मला सोडलंत. प्रेमापोटी नियम पाळणारा आणि भीतीपोटी नियम पाळणारा, दोघं एकाच बाजेवर बसून सारखंच पाणी पितात. बाहेरून पाहणाऱ्यानं ओळखायचं कसं? आणि मी तरी कोण ओळखणारी? मी मांगूर तळत होते ती स्वातंत्र्यानं की ठसक्यानं? भाईसाहबांचं बरं झालं, ते पुढच्या गावाला निघून गेले. नियम इथंच ठेवून गेले.

रोवणा झाला. पऱ्हे रुजले, बांध्या हिरव्या झाल्या. तुम्ही आलात ते काठी टेकत, शर्टात माणूस आहे की नाही अशी तब्येत झालेली. मी आत चुलीपाशी होते. फाटकातून आवाज आला.

"बाई, चुलीवर काय हाये?"

किती वर्षांनी! माझ्या हातातली पळी तशीच राहिली. डाळही होती, मी डाळ सांगू शकले असते. पण मी म्हटलं, "मांगूर हाये, भाऊ. अन् भात." आवाज आपोआप लहान झाला माझा. तुम्ही बाजेकडे गेला नाहीत. काठी दाराशी टेकवलीत, चौकट धरून आत आलात, आणि भिंतीला पाठ लावून बसलात. मांडी घालता येत नव्हती, पाय लांब केलेत. मी काहीही न विचारता वाढलं. भात, रस्सा, वर एक तुकडा, आधीसारखाच मोठा. तुम्ही डोळे मिटून प्रार्थना केलीत, एवढी लांब की भात निवला. मग रस्सा भातात कालवून खाल्लात. सावकाश, घास घास चावत. आणि तुकडा ताटाच्या कडेला सरकवून ठेवलात.

मी वाट पाहत होते. शेवटी खातील, ठेवणीतला घास म्हणून. तुम्ही ताटाला हात लावून नमस्कार केलात, पाणी घेतलंत, हात धुतलेत. म्हणालात, "तुले सांगाचं होतं एक. येतो पुढच्या आठवड्यात." आणि काठी घेऊन निघालात. मी ताट हातात घेऊन दारात उभी, नजर त्या तुकड्यावर. मागून हाक मारून विचारावंसं वाटलं आणि नाही विचारलं. पुढच्या आठवड्यात तुम्हाला दवाखान्यातून आणलं ते आडवंच.

आता ऐका लोकांची उत्तरं. शनिवारवाले म्हणतात, झनकलालभाऊंनी शेवटपर्यंत अशुद्ध तोंडाला लावलं नाही. अरे, रस्सा काय आकाशातून पडला होता? माशाच्याच भांड्यातला, माशाच्याच चवीचा रस्सा! नियमानं पाहिलं तर तुकडा ठेवून काहीच वाचलं नाही. आमच्यातले काही म्हणतात, किडनीवाल्याला डॉक्टर मासे खाऊ देत नाहीत, त्यात एवढं काय. असेलही. आणि आमचे हे! यांनी त्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातातून ताट घेतलं, तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला. म्हणाले, "माहा वाटा ठेवला त्यानं. पयल्यापासून ठेवते." मी म्हटलं, तुम्हाला सगळंच सोपं. ते म्हणाले, तुले सगळंच कठीन. मग दोन दिवस आम्ही बोललो नाही.

कधी वाटतं, ती तुमची माफी होती. कधी वाटतं, तुम्ही मला अर्ध्या वाटेपर्यंतच आलात आणि तिथंच थांबलात. रागानं रडू येतं. मेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे भिंतीशी भांडणं, एवढं मलाही कळतं.

सभेच्या आदल्या दिवशी वहिनी आमच्याकडे आल्या. भाऊ, त्या आमच्या घरात कधी आल्या होत्या? दारापर्यंत, तुम्हाला बोलवायला. त्या दिवशी आत आल्या आणि तुम्ही बसला होतात त्याच भिंतीशी बसल्या. कपाळ मोकळं, डोळे खोल गेलेले. मी पाणी दिलं. प्यायल्या. मला वाटलं, आता उठतील.

"सुरेखाबाई, उद्या भात तू मांडशील?"

मला नीट कळलंच नाही. "कोनता भात?"

"जेवनाचा. सगळ्यांचा. माये दीर येतीन, जावा येतीन, सगळे पोवार येतीन. भात तूच मांड." मग घाईघाईनं म्हणाल्या, "मासा नको हो आनू. मले अजून भेव वाटते."

माझ्या तोंडात आलं होतं, की मासा नको तर मीही नको. अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण मी विचारलं, "भाऊ सांगून गेले का असं?"

"नाई. ते काईच नाई बोलले." वहिनी पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या. "तुया घरून जेवून आले ना, त्या दिवशी, एवढंच म्हनले, बाईचा भात लई मोकळा झाला होता. दोनदा म्हनले."

"अन् माशाचं?"

"माशाचं काईच नाई म्हनले."

शुक्रवारी मी तुमच्या अंगणात तीन दगडांवर भाताचा गंज चढवला. तुमच्या घरात मी पहिल्यांदा भात शिजवत होते, भाऊ, आणि तुम्ही नव्हतात. धुरानं डोळे चोळत होते, त्यामुळे रडणं कोणाला दिसलं नाही. पंगत बसली. तुमचा तोच चुलतभाऊ पहिल्या रांगेत. मी पाणी वाढलं, ते तो प्यायला. मी भाताचं पातेलं घेऊन आले, तर त्यानं हात मांडीवर ठेवले आणि घसा साफ केला. "मले आज उपास हाये." त्याच्या शेजारच्यालाही एकदम उपास आठवला. त्याच्या शेजारच्यालाही. शुक्रवार होता ना! कोणाचाच नाही म्हणता म्हणता तो त्यांचा निघाला.

मी पातेलं घेऊन तशीच उभी. शनिवारवाले खाली पाहत होते, रविवारवाले माझ्याकडे. तेव्हा वहिनी उठल्या. तुमच्या घरात पाहुणे जेवल्याशिवाय ज्या बाईनं कधी ताट घेतलं नाही, ती पंगतीत येऊन बसली, तुमच्या चुलतभावाच्या समोरच. "वाढ, बाई," म्हणाल्या. तुम्ही म्हणायचात तसंच, नुसतं बाई. मी वाढलं. त्यांनी वरणाचीही वाट पाहिली नाही, कोरडा भातच तोंडात घातला. मग एकेक हात ताटाकडे गेले. चुलतभावाचा नाही गेला. तो शेवटपर्यंत पाण्यावर बसला. पण त्याच्या बायकोनं जेवून घेतलं, खालमानेनं, भराभरा.

पंगत उठली तशी मी ताटं उचलायला लागले. वहिनींचं ताट उचललं. कडेला चिकटलेलं शीतही त्यांनी बोटानं पुसून घेतलं होतं. ताट इतकं कोरडं होतं की धुवायला नको. ते हातात धरलं आणि भाऊ, मला तुमचं ताट दिसलं.

त्या दिवशी दारात उभी राहून मी त्या तुकड्याकडे पाहत राहिले आणि नंतरही महिनाभर तोच पाहत राहिले. तुकडा का ठेवला ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता तुम्ही काही सांगायला येत नाही. पण त्या ताटात तुकड्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. भाताचं एक शीत तुम्ही मागे ठेवलं नव्हतं.